काचेवरचा साग

त्या वर्षी माझा पाय कुठेच ठरत नव्हता. अकोल्याच्या आमच्या दोन खोल्यांत मी सकाळपासून इकडून तिकडे करत राही. पाटावर बसले की उठावंसं वाटे, उठले की कशाला उठले ते आठवत नसे. आई चुलीवर अंबाडीची भाजी घोटता घोटता, माझ्याकडे न पाहताच म्हणे, "बस व शेवंते एका जागी. तुह्या पायाखाली इस्तव हाये काय?" भाजीत ज्वारीच्या कण्या शिजत, वर लसणाची फोडणी पडे, आणि त्या चरचरण्याबरोबर जिनाचा भोंगा वाजे. बाबा जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर कापसाची लव बसलेली असे. ते आधी अंगणात उभे राहून पंच्यानं अंग झटकत, मगच आत येत. मी दारातच उभी असे. मला आत जायचं नसे आणि बाहेर जायला कुठे जागा नसे.

याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी ते बोलत नसे. मी सात वर्षांची असताना मला देवी आल्या आणि जाताना चेहरा चाळणीसारखा करून गेल्या. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर बाबांनी तो शब्दही घरातून काढला. "देवी-बिवी काही नोती, रोग होता तो," असं ते निक्षून सांगत. ते खरंच होतं. पण वण देवीचे असोत की रोगाचे, गालावरच होते. सतराव्या वर्षी माझा एक फोटो काढला गेला. अमरावतीला माझे सख्खे मामा, देवाजीमामा, यांचा फोटो स्टुडिओ होता, त्यांनीच काढला. त्या फोटोत मी गुळगुळीत होते, सोललेल्या अंड्यासारखी. तो फोटो दर्यापूरच्या एका घरी पसंत पडला आणि ती माणसं अकोल्याला आली. मुलाच्या आत्यानं फोटो हातात धरला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "हे पोरगी कोणती व? हिची बहीण काय?" तिचा टोमणा नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं. बाबा मान खाली घालून बसले. पाहुण्यांनी पोहे संपवले, चहा घेतला, बस सुटेल म्हणून उठले. त्यानंतर महिन्याभरात मला अमरावतीला मामाकडे पाठवलं. "मामीले हातभार होईन," एवढंच आई म्हणाली.

मामाचा स्टुडिओ रस्त्याच्या अंगाला आणि घर त्याच्या पाठीला. मध्ये एक पडदा होता. पडद्याच्या अलीकडे अनुसयामामीच्या चुलीवर बेसनाचं चून रटरटत असे आणि पलीकडे मामा कुणा नवऱ्या मुलाला सांगत असत, "मान जराशी वर. श्वास धर." फोटो पक्के करायच्या हायपोचा आंबटसर वास सगळ्या घराला होता, भाकरीलाही येतो असं मला पहिले आठ दिवस वाटे. मागच्या मोरीत फोटो धुण्याचं टाकं होतं आणि त्यात पाण्याची बारीक धार दिवसभर पडत राही. माझ्या आठवणीतलं अमरावती म्हणजे त्या धारेचा आवाज. मामीला मूलबाळ नव्हतं. ती फार बोलत नसे. पण पहिल्याच दिवशी तिनं मला ओळखलं. "तुले बसवत नाई ना? मंग असं काम घे का ज्यात हात हालते," ती म्हणाली आणि मला मामाच्या तिरक्या मेजापुढे नेऊन बसवलं.

ते मेज म्हणजे लाकडाची चौकट. मध्ये फोटोची काच बसवायची, खाली आरसा ठेवायचा; आरशातून उजेड वर येतो आणि काचेवर माणूस उलटा दिसतो, म्हणजे काळ्याचा पांढरा आणि पांढऱ्याचा काळा. चेहऱ्यावरची खोलगट जागा, सुरकुती, वण, हे सगळं काचेवर फिकं दिसतं. तिथे सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं ठिपके भरायचे, की कागदावर तो वण नाहीसा होतो. पेन्सिलीचं काम पुसता येतं. पण एखादी पांढरी गोष्ट काढायची असेल तर काचेवर ती काळी आणि दाट असते, आणि तिच्यावर चाकूच चालवावा लागतो. बारीक पात्यानं काचेवरच्या रासायनिक मसाल्याचा थर हलके हलके खरवडायचा. खरवडलेलं पुन्हा येत नाही. मामा सांगत, "पेन्सिल चुकली त पुसता येते. चाकू चुकला त गेलं." गंमत अशी, की जिथे माझा पाय ठरत नव्हता तिथे माझा हात ठरला. सहा महिन्यांत मी अर्ध्या अमरावतीच्या उपवर मुलींचे गाल भरून काढले.  काम संपलं की मी ताडकन उठे आणि टाक्यापाशी जाऊन उगाच हात धूत राही. हल्ली माझी नात मोबाइलवर बोट फिरवून गालावरची पुटकुळी घालवते आणि मला दाखवते. मी छान म्हणते. तिला सांगावंसं वाटतं, पण कुठून सुरुवात करावी ते कळत नाही.

मामाच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. हे फक्त मामीला आणि मला माहीत होतं, आणि मामांना वाटे की आम्हाला माहीत नाही. मामांचा कॅमेरा भात्याचा, तिपाईवरचा. डोक्यावर काळं कापड घेऊन मागच्या दुधी काचेवर चित्र स्पष्ट आहे की नाही ते पाहावं लागे. दोनदा फोटो अस्पष्ट आले. तेव्हापासून मामा गिऱ्हाइकाला म्हणू लागले, "हे भाची शिकून राह्यली, तिले जरा पाहू द्या." मी कापडात शिरे, चित्र नेमकं करे, बाहेर येऊन मान हलवे. मग मामा पुढे येऊन झाकण काढत. फोटोच्या मागे शिक्का त्यांचा. मला त्याचं काही वाटत नव्हतं. कापडाखालच्या काळोखात कुणी माझा चेहरा पाहत नसे, मला तेवढंच पुरे होतं.

दिवाळीनंतर परतवाड्याचा एक लाकडाचा ठेकेदार आला. गोड बोलणारा, जाडजूड माणूस. मेळघाटात त्यानं तोडीचा ठेका घेतला होता आणि नव्या बैठकीत लावायला त्याला जुन्या रानाचे मोठे फोटो हवे होते, व्यापाऱ्यांना दाखवायला एक अल्बमही. "असे साग तुमी पाह्यले नसन, देवाजी. आपल्या आज्याच्या आज्याच्या येळचे हायेत," तो म्हणाला. मामांना ते काम फार मोठं वाटलं. जन्मभर त्यांनी स्टुडिओच्या रंगवलेल्या पडद्यापुढे माणसं बसवली होती. त्या पडद्यावर एक रंगवलेलं झाड होतं. खरं रान त्यांनी कधी काढलं नव्हतं.

आम्ही परतवाड्यापर्यंत बसनं आणि पुढे ठेकेदाराच्या ट्रकमधून घाट चढून गेलो. काचांची पेटी मी सगळा रस्ता मांडीवर धरली. ट्रक थांबला तिथून एक तास पायी. आम्हाला वाट दाखवायला सुकलाल नावाचा कोरकू माणूस होता, ठेकेदाराकडेच मजुरीला. तिपाई खांद्यावर टाकून तो पुढे चालला. आणि मग ती झाडं आली. मी काय सांगू? मला त्यांचा रागच आला. एवढी शेकडो वर्षं एकाच जागी उभं राहायचं, आणि इतकं स्वस्थ. खाली वाळलेल्या सागपानांवर आमची पावलं मोठ्यानं वाजत होती आणि ती झाडं मात्र कुणी आलंगेलं याची दखल न घेता वर गेलेली. मी कापडात शिरले. दुधी काचेवर सगळं उलटं होतं. मुळं वर, शेंडे खाली आभाळात बुडालेले. मी बराच वेळ बाहेर आले नाही. मामांनी दोनदा हाक मारली.

दुपारी सुकलालच्या बायकोनं कुटकी या बारीक धान्याचा भात आणि मिरचीचं पातळ कालवण दिलं. जेवताना सुकलाल हळूच म्हणाला, "बाई, एक झाड हाये. त्याचा फोटू काढा. मी बी उभा राहतो." तो आम्हाला एका नाल्याकाठी घेऊन गेला. तिथे त्या दिवशी पाहिलेला सगळ्यात थोराड साग होता. सुकलालनं बुंध्याला कव घातली तर निम्माही भरला नाही. त्याच्या डोक्याच्या वर हातभर साल सोलून पांढऱ्या लाकडावर ठेकेदाराच्या माणसांनी तोडीचा शिक्का मारला होता. आणि झाडामागे, नाल्याच्या काठावर, चुना फासलेला हद्दीचा दगड होता.

"ठेका नाल्याच्या त्या बाजूले हाये," सुकलाल म्हणाला. "हे बाजू आमच्या देवाची. इथं कोणी कुऱ्हाड नाई लावत. जंगलखात्याच्या साहेबाले सांगतलं त तो म्हणते, तुम्ही लोक काही बी सांगता. फोटू दाखवला त मानन का नाई?"

मामा दगडापर्यंत जाऊन आले. मग म्हणाले, "बाप्पा, आमाले ठेकेदारानं आणलं इथं." पण त्यांनी मला नको म्हटलं नाही. मी चित्र नेमकं केलं. झाड, शिक्का, दगड, नाला, सुकलाल, सगळं चौकटीत बसलं. सावलीमुळे झाकण बराच वेळ काढून ठेवावं लागे. माझी सवय होती, महत्त्वाच्या फोटोच्या दोन काचा काढायच्या. पहिल्या वेळी सुकलाल दगडासारखा उभा राहिला. दुसऱ्या वेळी झाकण काढलेलं असतानाच त्यानं मान वळवून शिक्क्याकडे पाहिलं आणि त्या काचेवर त्याचा चेहरा पुसट आला.

आठ दिवसांनी ठेकेदार कच्चे फोटो पाहायला आला. एकेक पाहत, वाहवा करत तो त्या फोटोशी थांबला.  मग हसून म्हणाला, "हाच मोठा करा. बैठकीत हाच लावतो. माणूस राहू द्या, झाड केवढं हाये ते समजते. पण हे पांढरी खूण आन तो दगड काढून टाका. रान कसं कोरं दिसलं पायजे."

तो गेल्यावर मामांनी काच माझ्यापुढे ठेवली. "चाकूचं काम हाये. सावकाश कर."

"मामा, त्यानं काहून काढायले सांगतलं ते तुमाले माईत हाये."

"मले माईत हाये. गिऱ्हाईक हाये ते."

"त्या दगडाबिगर सुकलालजवळ काहीच नाई."

"आपण फोटोवाले हावो, शेवंते. कोर्ट नाई," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी मेजापुढे बसले. पातं हातात घेतलं, दगडावर आणलं. काचेवर तो दगड काळा, नखाएवढा होता. दोन घटकांचं काम. माझा हात पुढे जाईना. तो हात, जो कधी अडत नसे. उठले, टाक्यावर गेले, परत आले, पुन्हा उठले. असे तीन दिवस गेले. चौथ्या सकाळी मी मामांना म्हटलं, "माह्यानं नाई होत. तुमी माह्या तोंडाचं केलं तेच आता झाडाचं कराचं?" हे कुठून आलं कोण जाणे. मामी चुलीपासून उठून दारात आली.  मी पिशवीत लुगडं कोंबलं आणि अकोल्याची बस पकडली.

संध्याकाळी बाबा जिनातून आले. मला ओट्यावर पाहून अंग झटकायचंही विसरले. मी सगळं सांगितलं, रडून नव्हे, भांडून. मामांनी फोटोत खोटं केलं, म्हणून ती आत्या तसं बोलली, म्हणून मी अशी झाले, आणि आता ते त्या कोरकूच्या रानाचंही तसंच करायला निघाले आहेत. बाबांनी पायातल्या वहाणा काढल्या. मग माझ्या शेजारी टेकले.

"तुह्या मामाचा दोष नाई त्यात," ते म्हणाले. "तो नाईच म्हणत होता. पोरगी जशी हाये तशी दाखवू, म्हणे. मीच त्याचे हात धरले. म्हटलं, साफ कर बाप्पा, एकदा लोक घरी त येतीन."

आत आई भाकर थापत होती ती थांबली.  बाबांच्या कानावरची कापसाची लव मी हातानं काढली.  मग बाबा म्हणाले, "तू त्याले जे म्हटलं ते वापस घेऊन ये. काम कर नाहीतर नोको करू, ते तुह्यं तू पाह्य." सकाळी त्यांनी मला बसमध्ये बसवून दिलं. त्या बसमध्ये मी सबंध रस्ता खिडकीच्या गजाला धरून होते, जणू मी धरलं नाही तर बस चुकीच्या गावाला जाईल.

स्टुडिओ उघडा होता, पण पुढे कोणी नव्हतं. मामा माझ्या मेजापुढे बसले होते. पातं मेजावर पडलेलं. मी मागून पाहिलं. दगडाच्या जागी एक लांब, पांढरी चीर होती. ती दगडातून झाडात, झाडातून सुकलालच्या खांद्यात गेली होती. खुणेच्या जागी तर थर सबंध सोलून निघाला होता. खाली नुसती काच. त्यांना पातं कुठे टेकलं तेच दिसलं नव्हतं.

"मले वाटलं मी दगडावरच हावो," मामा म्हणाले. मग, "मले दिसत नाई, शेवंते. साल झालं." इतके दिवस आम्ही तिघांनी मिळून जे झाकलं होतं ते त्यांनी एका वाक्यात समोर ठेवलं. मी माफी मागायला आले होते. ती राहूनच गेली. मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि म्हटलं, "बाबांनं सांगतलं मले. माह्या फोटोचं." त्यांनी चाचपडत पातं मेजाच्या कडेला सारलं.

मामी चहा घेऊन आली. बशीतला चहा मामांनी निवू दिला. "दुसरी काच हाये ना त्याची?" त्यांनी विचारलं.

"हाये. पण सुकलालचं तोंड हाललं त्यात."

"दगड?"

"दगड साफ हाये. शिक्का बी."

"मंग छाप," मामा म्हणाले. "दोन छाप. काहीच नोको लावू त्याले. ना पेन्सिल, ना चाकू."

एक फोटो घाटात जाणाऱ्या ओळखीच्या कंडक्टरच्या हाती सुकलालसाठी गेला, दुसरा मामांनी ठेवून घेतला. ठेकेदाराला मामांनी निरोप धाडला की ती काच खराब झाली, बाकीचे फोटो तयार आहेत. ते खोटं नव्हतं, पण पुरं खरंही नव्हतं, आणि ते मामांना डाचत राहिलं. ठेकेदारानं बाकीचे फोटो नेले, पण काचेचं कारण त्याला पटलं नव्हतं; तो पुन्हा आमच्या दाराशी आला नाही. त्याच्या ओळखीतल्यांची लग्नंही दुसऱ्या स्टुडिओत गेली. तो हिवाळा आमचा रिकामाच गेला. मी दिवसातून दहा वेळा दाराशी जाऊन रस्ता पाही. फोटो पोचला की नाही हेही आम्हाला माहीत नव्हतं. आपण एक कागद रानात फेकला आणि तो पाचोळ्यात पडला, असंच मला वाटे.

चैत्र संपता संपता सुकलाल आला. खांद्यावर चारोळीची लहानशी गाठोडी होती. स्टुडिओत तेव्हा एक सरकारी कारकून सहकुटुंब बसला होता. सुकलाल दारातच उभा राहून सांगू लागला. जंगलखात्याचा मोठा साहेब आला, फोटो हातात घेऊन नाल्यावर गेला, दगडाशी उभा राहिला, झाडं मोजली. देवाच्या बाजूचे दोन साग आधीच पडले होते. बाकीचे राहिले. ठेकेदारानं सुकलालला कामावरून काढलं. हे सांगताना तो हसत होता की तोंड वाकडं करत होता ते मला कळलं नाही. "साहेबानं पुसलं, फोटू कोणं काढला? मी म्हटलं, अमरावतीचा बुढा. त म्हणे, त्याले सलाम सांगजो."

मामा खुर्चीवर बसले होते. कारकून, त्याची बायको, सगळे ऐकत होते. मामा उठले, भिंतीला हात लावत माझ्यापर्यंत आले. "माह्यावाला सलाम नोको," ते म्हणाले. "फोटो हिनं काढला. गेल्या सालभराचे सारेच हिनं काढले. मले दिसत नाई." कारकुनाची बायको माझ्याकडे पाहू लागली, चेहऱ्याकडे. मला जागचं हलावंसं वाटलं नाही.

सुकलालनं गाठोडी खाली ठेवली. मग तो म्हणाला, "मंग बाई, तुमीच या. साऱ्या गावाले त्या झाडापाशी फोटू काढाचा हाये."

पावसाळ्याआधी मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. ते पट्टी बांधून घरी होते, म्हणून मी आणि मामी गेलो. मामीनं काचांची पेटी धरली आणि सबंध घाटात एकदाही डोळे उघडले नाहीत. उन्हाळ्यानं सागाची पानं गळून गेली होती. फांद्यांमधून आभाळच आभाळ दिसत होतं. शिक्क्याच्या कडेनं साल फुगून आत सरकायला लागली होती. माणसं जमली: म्हाताऱ्या, लेकरं काखेत घेतलेल्या बाया, एक बकरीही. पाच जणांनी हात धरले तेव्हा बुंध्याभोवतीचा वेढा पुरा झाला, आणि मग कोण पुढे आणि कोण मागे यावरून जी बाचाबाची सुरू झाली ती थांबेना. स्टुडिओत मी अशा वेळी सांगितलं असतं, श्वास धरा, हलू नका. मी कापडात शिरले. दुधी काचेवर सगळं गाव उलटं लटकून भांडत होतं, हसत होतं, आणि मधोमध साग. मी बाहेर येऊन झाकण काढलं आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

फोटोत झाड अगदी स्पष्ट आलं. माणसं सगळी हललेली आहेत.